पाटी बदलायच्या आत

(सलूनचं शटर अर्धंच वर. खुर्चीत मास्तर, गळ्याशी टॉवेल, दोन्ही गालांना फेस.)

मास्तर : म्हणजे सिनेमातली पहिली पाटी वाचायची राहून गेली.

उस्ताद : दुसरीही गेली. मान सरळ ठेवा मास्तर, हातात वस्तरा आहे.

मास्तर : अकरा महिने. रोज दुकान उघडायच्या आधी तासभर. बासष्टाव्या वर्षी बाराखडीपासून सुरुवात केलीत, बायकोला कळू न देता. आणि जिच्यासाठी एवढा खटाटोप, तिच्या शेजारी बसून पहिल्या दोन्ही पाट्या घालवल्यात?

उस्ताद : पहिल्यापासून सांगू का? मधे बोलू नका मात्र. वरच्या ओठाशी आलोय.

मास्तर : हं.

उस्ताद : मी हिला एवढंच म्हटलं होतं, रविवारी दुपारी सिनेमाला जाऊ. कुठला ते सांगितलं नाही. जुन्या थेटराशी आलो आणि पोस्टर बघून ही थबकली. म्हणाली, अहो, हा मुका सिनेमा आहे, यात कुणी बोलत नाही, मधेमधे पाट्या येतात. तेवढं बोलली आणि तिलाच वाईट वाटलं. लगेच म्हणाली, चालेल की, मी सांगेन कानात. लग्नाला अडतीस वर्षं झाली, तिचं हे असंच. बसची पाटी, औषधाची बाटली, लेकीचं प्रगतिपुस्तक, सगळं कानात. चार लोकांत असलो की माझा चष्मा घरी राहिलेला असतो, हे आमचं ठरलेलं. लेकीलासुद्धा अजून ठाऊक नाही. दुकानात तर कुणालाच पत्ता नव्हता.

मास्तर : मला होता. पाटीवर रंगाऱ्याने ‘दाढी’ची ‘दाठी’ केली होती. सहा वर्षं तुम्ही ती दारावर मिरवलीत.

उस्ताद : पुसली ना आता. गाल फुगवा.

मास्तर : थेटर कसं आहे?

उस्ताद : म्हाताऱ्या माणसाने नवा कोट घालावा तसं. खुर्च्या लाकडी, मखमलीला बसून बसून टक्कल पडलेलं. पण पितळेचे कठडे लखलखीत घासलेले आणि छतावर सोनेरी वेलबुट्टी. पडद्याच्या खाली एक खड्डा. दिवे गेले आणि त्या खड्ड्यातून बाजाच वर आला, वाजवणाऱ्या बाईंसकट. सावकाश, लिफ्ट यावी तसा.

मास्तर : ऑर्गन म्हणतात त्याला.

उस्ताद : पोस्टरवर ‘ऑर्गन’च लिहिलं होतं. तो रफार मी बरोबर वाचला, तेवढं श्रेय द्या. पण मला वाटलं आपल्या पेटीसारखा असेल. हा कपाटाएवढा. पट्ट्यांच्या तीन रांगा, पायाखाली आणखी एक, आणि बाई हातापायांनी चारी वाजवत होत्या. आमच्याकडे पाठ, तोंड पडद्याकडे. आवाज मात्र त्यातून येत नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींतून येतो. आत नळ्या आहेत म्हणे, शेकड्यांनी. पहिला सूर लावला तेव्हा माझ्या खुर्चीचा हात थरथरला. हिने माझं मनगट घट्ट धरलं.

मास्तर : आणि पाटी आली.

उस्ताद : आली. मी तयारीतच होतो. ठरवलं होतं, हिने तोंड उघडायच्या आत आपण म्हणायचं. पाटी कसली होती माहितीय? ‘गावातील सर्वांत प्रतिष्ठित गृहस्थांच्या ज्येष्ठ कन्येचे शुभलग्न.’ हे मला नंतर हिने सांगितलं. मी ‘गावातील’ म्हणेपर्यंत लग्न निघून गेलं.

मास्तर : कुणी लिहिल्या या पाट्या? एका ओळीत इतकी जोडाक्षरं?

उस्ताद : दुसरीचं तेच. तिसरीला मी शेवटाकडून सुरुवात केली, म्हटलं निदान अर्धी तरी हाती लागेल. तेही नाही. हिचं आपलं कानात चालूच. पुढचा एक गृहस्थ दोनदा वळून बघून गेला. मला घाम फुटला, मास्तर. वाटलं, अकरा महिने आपण उगाच स्वतःची समजूत घातली. तुमच्या पाटीवरची अक्षरं जागची हलत नाहीत म्हणून वाचता येतात. ही पळती अक्षरं आपल्या बापाच्यानेही व्हायची नाहीत.

मास्तर : घाईत वाचायचा सराव मी घ्यायला हवा होता. चूक माझी.

उस्ताद : तुम्ही बोलू नका, हनुवटी आहे. तर सिनेमा असा. नवरदेव जाडजूड, मिशीवाला, आणि डोळ्यांनी अधू. चष्मा लावायची लाज. त्याच्या मागे एक शेळी लागते. आधी त्याच्या हातातली फुलं खाते, मग कोटाची शेपटी. आणि शेळीने तोंड उघडलं की बाई ऑर्गनवर बरोब्बर बेंऽऽ करायच्या. सगळं थेटर डुलत होतं. ही तर खुर्चीतून घसरायची बाकी होती. हिचं हसणं तुम्ही ऐकलं नाहीत कधी. घरात दाबून हसते. इथे अंधार, कोण बघतंय.

मास्तर : पुढे?

उस्ताद : पुढे शेळी नवरीचा झिरझिरीत बुरखा डोक्यावर घेऊन बग्गीत जाऊन बसते. नवरदेव धावत येतो, शेजारी बसतो आणि लाजत लाजत तिचा खूर हातात घेतो. तिथे हिचा बांध फुटला. डोळ्यांतून पाणी, चष्म्यावर वाफ. चष्मा काढून रुमालाने पुसायला लागली, आणि नेमकी तेव्हाच पाटी आली.

मास्तर : कुठली?

उस्ताद : ‘हात किती खरखरीत झाले गं तुझे.’

मास्तर : एकही जोडाक्षर नाही.

उस्ताद : एकही नाही. थेटरात हशा उसळला. ही चष्मा पुसता पुसता मला म्हणाली, ‘काय लिहिलंय, काय लिहिलंय?’

मास्तर : तुम्हाला विचारलं?

उस्ताद : मलाच. हसण्याच्या भरात. शेजारी कुणीही असतं तरी विचारलं असतं. आणि मी सांगितलं. जसं लिहिलं होतं तसं, त्या नवरदेवाच्या सुरात. ती आणखी हसली. मांडीवर थाप मारून हसली. पाच-सहा श्वास गेले असतील, आणि हसता हसता एकदम थांबली. वळून माझ्याकडे बघितलं. पडद्याचा उजेड तिच्या तोंडावर हलत होता. मी सरळ समोर बघत राहिलो, गुन्हा केल्यासारखा. मग तिने चष्म्याची घडी घातली, डबीत ठेवला. डबी पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली. पुढची पाटी आली तसं पडद्याकडे बघत म्हणाली, ‘काय लिहिलंय?’

मास्तर : टॉवेल द्या जरा. डोळ्यात फेस गेला.

उस्ताद : डोळ्याजवळ फेस लावलाच नाहीये मी.

मास्तर : द्या म्हटलं ना. किती वाचल्यात मग?

उस्ताद : निम्म्या. निम्म्या बनवल्या.

मास्तर : बनवल्या म्हणजे?

उस्ताद : चित्रावरून अंदाज बांधून सांगितल्या. नवरीचा बाप हात नाचवत होता आणि पाटीवर चार ओळींचं काहीतरी होतं. मी सांगितलं, तो म्हणतोय शेळीला जेवायला बसवा, तीच एक पाहुणी वेळेवर आलीय. मागच्या रांगेत दोन बायका खिदळायला लागल्या. त्यांना खरी पाटी दिसत होती ना. सिनेमा संपल्यावर त्यांतली एक मला म्हणाली, लिहिलं होतं त्यापेक्षा तुमचं बरं होतं.

मास्तर : वाचन म्हणजे लिहिलंय तेच वाचणं. हे मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

उस्ताद : ते खरं. पण हिला कळत होतं मी कुठे बनवतोय ते. तिथे ती माझ्या हातावर बोट आपटायची. तिला अशा गोष्टीतलं कळतं.

मास्तर : म्हणजे?

उस्ताद : सांगतो. सिनेमा संपला, बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक आहे, तिथे जाऊन बसली. मला वाटलं रागावली. कधीपासून शिकताय, विचारलं. सांगितलं. कोण शिकवतं, विचारलं. तुमचं नाव सांगितलं. मग बराच वेळ पर्सची चेन उघडबंद करत राहिली आणि खाली बघून म्हणाली, ‘अहो, डब्यातली पत्रं वाचलीत का?’

मास्तर : कुठली पत्रं?

उस्ताद : दादाची. माझा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा एकालाच शाळेत ठेवणं आईला जमणार होतं. दादा शाळेत राहिला, मी मामाच्या सलूनमध्ये, स्टुलावर उभा राहून फेस करायला. पुढे तो नोकरीला लांब गेला. माझ्या मनात ती अढी राहिली आणि त्याने ती काढायचा प्रयत्न केला नाही. येणंजाणं थांबलं. वर्षातून दोन पत्रं यायची, ही वाचून दाखवायची. काय पत्रं असायची. धाकट्या, तुझी आठवण येते. तुला खांद्यावर घेऊन नदी ओलांडायचो, तू माझे कान धरून बसायचास. शाळेत मी गेलो, तुला जायला मिळालं नाही, ते मला टोचतं. शेवटी दर वेळी, एकदा ये. मी ऐकायचो आणि उठून जायचो. पण ऐकायचो. चार वर्षांपूर्वी त्याने अंथरूण धरलं, तेव्हा मी गेलो. दुकान बंद ठेवून सतरा दिवस राहिलो. रोज त्याची दाढी केली. मला दारात बघून तो म्हणाला, तू येशील असं कधी वाटलं नव्हतं. मला नवल वाटलं, दर पत्रात हाच बोलावतो आणि असं कसं म्हणतो. माझ्यासमोरच गेला तो.

मास्तर : हे कधी बोलला नाहीत.

उस्ताद : दोन महिन्यांपूर्वी ही आठवडाभर लेकीकडे गेली होती. मी डबा काढला. म्हटलं, आता दादाचं बोलणं आपलं आपण ऐकू. मास्तर, प्रत्येक पत्र चार ओळींचं. मी बरा आहे. छप्पर दुरुस्त केले. इकडे थंडी आहे. तुमचे कुशल कळवावे. नदी नाही, खांदा नाही, ‘एकदा ये’ नाही. आणि ही एकेक पत्र दहा-दहा मिनिटं वाचायची.

मास्तर : वस्तरा खाली ठेवा.

उस्ताद : ठेवला. ती नदी माझी होती. नवीन लग्न झालं तेव्हा मीच तिला सांगितली होती, ते कान धरून बसणंसुद्धा. तिने ते सांभाळून ठेवलं आणि दादाच्या तोंडी घातलं.

मास्तर : तुम्ही काय म्हणालात त्यांना? त्या बाकावर?

उस्ताद : ‘वाचली’, म्हटलं. ‘सगळी वाचली.’ तिचा चेहरा पांढराफटक. मग मी म्हटलं, ‘तू पत्रात लिहिलंय तसंच वाचलं असतंस, तर मी दादाकडे गेलो नसतो.’

मास्तर : बरोबर बोललात.

उस्ताद : रडली थोडी. तेवढ्यात त्या ऑर्गनवाल्या बाई आल्या, हातात पाण्याची बाटली, पायात पातळ तळाचे बूट. आमच्याकडे बघून विचारलं, शेळीला इतकं हसत होतं ते तुमच्याकडचंच कुणी का? ही डोळे पुसत म्हणाली, मीच. बाई म्हणाल्या, मी पडदा बघून वाजवते, पण कान मागे असतात. तुमचं हसणं थांबेना म्हणून मी पण शेळी थांबवली नाही, पुढचं सगळं मागे पडलं. मग त्या दोघींनी मिळून पुन्हा हसायला सुरुवात केली. मी मधे खांबासारखा उभा. बाई गेल्या तशी ही उठली आणि म्हणाली, तीनला दुसरा खेळ आहे, चला.

मास्तर : पुन्हा तोच?

उस्ताद : तोच. म्हणाली, तुमच्या पहिल्या तीन पाट्या राहिल्यात. चष्मा पर्समध्येच. या खेपेला मी ‘गावातील सर्वांत प्रति’पर्यंत पोचलो. तिसरी मात्र पूर्ण. बाईंनी त्या खेळाला शेळी वेगळीच वाजवली, जरा जाड आवाजाची. ही पुन्हा तेवढीच हसली. येताना बस सोडली आणि चालत आलो, मी दुकानांच्या पाट्या वाचत. एका ठिकाणी अडलो तर म्हणाली, सावकाश, ही कुठे पळत नाहीये.

मास्तर : शिकवणी संपली म्हणायची मग आपली.

उस्ताद : कुठली संपतेय. मला अजून लिहिता कुठे येतं? वाचायचं झालं, आता लिहायचं शिकवा. काल एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हिला आजवर कुणी पत्र लिहिलेलं नाही. माहेर दोन गल्ल्या पलीकडे, लेक फोन करते. जन्मभर माझ्या नावची वाचत आली.

मास्तर : लिहा की मग. पोस्टाने टाका, दारात पडू दे.

उस्ताद : पण पत्र म्हणजे किती लिहावं लागतं? माझ्याच्याने काय जमणार. एक ओळ लिहायला अर्धा तास लागेल मला. मनात आहे ते सगळं कागदावर कधी व्हायचं?

मास्तर : चारच ओळी लिहा. पुढचं त्या वाचतील.