वरातीतला दुसरा बार

नाही, नाही, दयानंद खोटं बोलले असं मी कुठं म्हटलं? बंदूक आमच्यात आज्ज्यापासून आहे, हे खरंच आहे. खंडेनवमीला पाटावर ठेवतो, झेंडूची माळ घालतो, कुंकू लावतो — हे पण खरं. कोडगूच्या लोकांना परवान्याशिवाय ठेवता येते, मग आमच्यावरच डोळा का, असं ते तुझ्या कार्यक्रमात बोलले म्हणतेस — बोलू दे की. इथल्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, बोलायचं कामच त्यांचं... काकू नको म्हणूस गं मुग्धा, अक्का म्हण, जयनगरात भाजीवाल्यापासून सगळे अक्काच म्हणतात मला. तू पुण्याची, तुला आमची मराठी कानडीच वाटत असणार. असू दे. तर तुला काय विचारायचंय — दोष बंदुकीचा का संस्कृतीचा? मला नाही माहीत बाई. काय झालं एवढं माहीत आहे, ते सांगते, मग तू ठरव.

लग्न सुशांतचं, माझ्या मुलाचं. यशवंतपूरच्या बाजूला कल्याण मंटप घेतलेला. मालोजी म्हणजे माझा धाकटा भाऊ — वडलांची दुनळी बंदूक त्याच्या नावावर झालेली, परवाना वगैरे सगळं सरी, नीट होतं. सुशांत आधीपासून नको म्हणत होता — मामा, माझ्या ऑफिसातले लोक येणार, आणि वरातीत बार काढायला आता कायद्यानं बंदी आहे. मालोजीनं ऐकलं पण होतं, बरं का! बंदूक कपाटातच राहील म्हणाला. मग हळदीच्या दिवशी दयानंद आले, आणि चारचौघांत, चहा पीत पीत म्हणाले, "मालोजी, तुझ्या बापानं तुझ्या बहिणीच्या लग्नात पाच बार काढले, आणि तू भाच्याची वरात मुकी नेणार?" एवढंच. हसूनच म्हणाले. मालोजीचं तोंड मी बघितलं — लहानपणी मास्तर सगळ्या वर्गासमोर बोलले की व्हायचं, तसं झालेलं. हे सांगितलं का त्यांनी तुझ्या कार्यक्रमात? नाही ना. आठवत पण नसेल त्यांना.

अक्षरा सुशांतच्या पाठची. कॉलेजात होती, शेवटचं वर्ष. वरात मंटपाच्या दारात आली तशी ही पळत वर बाल्कनीत गेली — वरून व्हिडिओ चांगला येतो म्हणून — मी म्हणत होते, अगं साडी सांभाळ. मालोजीनं पहिला बार आकाशात काढला. सगळे ओरडले, शिट्ट्या वाजवल्या. प्यायला नव्हता तो, थेंब पण नाही, हे मात्र तू सांग लोकांना — नंतर पेपरात काहीबाही आलं. दुसऱ्या बाराला कुणीतरी मागून त्याला मिठी मारली — आनंदानं गं, मामा मामा करत — आणि नळी खाली आली. मला वाटलं, अक्षरा वाकून खाली बघतेय. कठड्यावर वाकलेली होती ना, मला तसंच वाटलं. आणि मालोजी हसत होता. त्याला कळलंच नव्हतं. हसतच त्यानं वर बघितलं — तिला शोधायला, की भाचीनं व्हिडिओ घेतला का नाही.

आमच्यात मुलीला मामा नेतो ना बोहल्यापाशी — तर हा तिला ती एवढीशी होती तेव्हापासून म्हणायचा, तुला मी चालू देणार नाही, उचलून नेणार. त्यानंच उचललं तिला. बाल्कनीतून जिना उतरून, गर्दीतून वाट काढत, गाडीपर्यंत. माझ्या मांडीवर ठेवलं आणि बाहेर तसाच उभा राहिला. हात पुढं धरून. गाडी सुटली तरी हात तसेच.

मग काय — मग केस. दिवस-कार्य झालं तशी दयानंद आणि मंडळाचे लोक घरी आले. बंदूक हातातून पडली आणि सुटली, असं सगळ्यांनी सांगायचं ठरलंय म्हणाले. "अक्का, मुलगी तर गेली, आता भाऊ पण घालवणार?" वहिनीनं माझे पाय धरले. आमचे हे नुसते बसून. कोर्टात मला उभं केलं तेव्हा मी मालोजीकडं बघितलं. मान खाली घालून बसलेला, त्यानं मान वर केली आणि हलवली — अशी, सांग म्हणून. मी सांगितलं. माझ्या भावानं झाडली, पडली नव्हती. हो, मीच सांगितलं. वहिनी बोलत नाही तेव्हापासून. आणि मंडळात खंडेनवमीला अजून बंदुका मांडतात, मला आमंत्रण पण येतं — काय म्हणायचं याला? बंदुकीला दोष द्यावा, तर ती कपाटात राहायला तयार होती, माणसांनी बोलून बोलून बाहेर काढायला लावली. माणसांना द्यावा, तर घरात बंदूकच नसती तर दयानंद बोलून काय झालं असतं? मालोजीनं फटाक्यांची माळ लावली असती. कान दुखले असते लोकांचे. बस.

जाते ना, तुरुंगात जाते भेटायला. तो घरातल्या सगळ्यांची विचारपूस करतो, मी सांगते. तिचं नाव कोणी काढत नाही. गेल्या खेपेला मात्र, वेळ संपली म्हणून उठले तर म्हणाला, "अक्का, ती गाडीत काही बोलली का?" मी म्हटलं, नाही रे, शुद्ध कुठं होती. खोटं. शुद्ध होती गं. पुढच्या सिग्नलपर्यंत होती. माझा पदर धरून म्हणाली, "आई, मामाला ओरडू नको." परत तेच म्हणाली. मग पाणी मागितलं. मग नाही.

सांगितलं तर तो रडेल, आणि रडून स्वल्प तरी मोकळा होईल — आणि मला तो मोकळा व्हायला नकोय. माझा भाऊ आहे गं! त्याच्यासाठी चकल्या करून नेते, आत घेत नाहीत, तरी नेते — आणि हे एवढं एक देत नाही त्याला. तिनं त्याच्यासाठीच सांगितलेलं. ह्यांना पण नाही बोलले मी, सुशांतला पण नाही, आणि तुला... तू कोण माझी?

बंद कर ते रेकॉर्डिंग. हे घालायचं नाही कशात. नाही, काही विचारू नकोस आता. बेळ्ळंदूरला पोचायला वेळ लागेल तुला, रिंग रोडला गर्दी होते ह्या वेळेला. ऊठ. जा म्हटलं ना, मुग्धा — दार ओढून घे.