एकतर नाव, नाहीतर नातं

नाही मॅडम, तुम्ही आधी तिचं ऐकून मगच माझ्याकडे आलात, ते तुमच्या चेहऱ्यावरच दिसतंय—बसा, ती खुर्ची डगमगते, ही घ्या. वाचकांच्या तक्रारींची चौकशी तुम्ही करणार, करा, माझी ना नाही. पण बावीस वर्षं मी या पेपरात पोलीस आणि कोर्ट बघतोय, माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत. आणि ती? कालची पोरगी. दोन वर्षं झाली नाहीत तर पहिल्या पानावर नाव. ती बातमी—नऊ वर्षांची मुलगी, सख्ख्या मामानं अत्याचार केलेला—खरं तर माझी. गुन्हा दाखल झाला ते आधी मला कळलं. मलाच. पण त्यांच्या घरी गेलो तर आईनं माझ्या तोंडावर दार लावलं, दोन तास जिन्यात उभा होतो मी, आणि ही बया दुसऱ्या दिवशी गेली नि थेट आत. का? तर म्हणे ती आधी काही विचारतच नाही.

नियम तुम्हाला ठाऊकच आहे—एकतर नाव, नाहीतर नातं. आरोपीचं नाव छापलं तर तो मुलीचा कोण ते लिहायचं नाही, नातं लिहिलं तर नाव नाही. दोन्ही आलं की मुलीचं नाव न छापताही अख्ख्या गल्लीला कळतं. हा नियम या पोरांना शिकवला कुणी? मीच. आता तिनं पहिल्या पानावर 'मामा' लिहिलं, मी तिसऱ्या पानावर त्याचं नाव दिलं, पोहायला शिकवतो तेही दिलं—कोर्टातून आलो, बातमी टाकली, मला काय स्वप्न पडलं होतं तिनं नातं लिहिलंय? तिनं सांगायला हवं होतं. मुलीची शाळा बंद झाली, घर सोडावं लागतंय, वाईटच झालं, पण त्याचं खापर माझ्या डोक्यावर नको. तिला काढताय ना? नाही, मी म्हणत नाही काढा, मी कोण म्हणणारा.

आणि लिहिते तरी काय? 'मुलीनं मला तिच्या मांजराचं नाव सांगितलं, ते मी इथं लिहिणार नाही.' ही काय बातमी झाली? नुसते नाकानं कांदे सोलायचे. बघा ना, पेपर तुमच्यासमोरच आहे, शेवटून दुसरा परिच्छेद. नाही? मग वर असेल. नाहीच का—डेस्कनं कापलं असेल जागेपायी.

हां. म्हणजे छापलंच नाही ते. मग मी कुठं वाचलं—

तिच्या स्क्रीनवर वाचलं. आता काय लपवायचं. ती पाणी आणायला उठली होती, साडेचार झाले असतील, माझी बातमी मी पाचला दिली. 'मामा' मी वाचला होता, मॅडम. वाटलं, माझ्याकडे नाव आहे म्हटल्यावर संपादक तिनं लिहिलेलं नातं काढून टाकतील, मग तिच्या बातमीत उरलं काय? पण दोन्ही पानं शेजारी ठेवून कुणी बघितलीच नाहीत. मुलीचा विचार? आला की. न यायला मी काय दगड आहे? पण एवढीशी पोर, पोलिसांशी बोलेना, डॉक्टरांशी बोलेना, आणि हिला मांजराचं नाव सांगते—जळलो मी. सरळ सांगतो, जळलो.

माफी मागायला जा म्हणू नका. गेलो होतो परवा. घरात बांधाबांध चाललेली आणि ही खाली बसून मुलीची पुस्तकं खोक्यात भरत होती. एवढं होऊनही त्यांनी तिलाच बोलावलं—'मामा' तर तिच्याच बातमीत होता ना? तरी तिलाच. मुलगी काहीतरी सांगून हसत होती. ते पोर हसतंय म्हणून बरं वाटायला हवं होतं मला. नाही वाटलं.

निघा तुम्ही आता.