पुरीमचा सिनेमा

सिनेमा दाखवून आमचा पुरीमचा सण शिकवायचं खूळ माझंच गा. त्या मिडल स्कूलात मी, शलोम, एकटाच यहुदी मास्तर. हेडमास्तर म्हणाले, "सिनेमानं पोरं बिघडतात."

मी म्हटलं, "शिकतात साहेब. पाहाच तुम्ही."

मूकपट लावला. पोरांले सांगितलं, "पुरीमले सिनेमातल्या या दुष्ट प्रधानाचं नाव आलं की आम्ही पाय आपटतो. त्याचं नाव ऐकूच नाही आलं पाहिजे." मी पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत गेलो अन् पोरांनी जमीन हादरवली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडमास्तर सांगून राहिले होते, "उद्या भूमितीचा पेपर. घेतील आपले शलोम मास्तर."

'शलोम'च्या पुढचं कोणालेच ऐकू नाही आलं.

धूळ खाली बसल्यावर हेडमास्तर माझ्याकडे वळले. "तुमचं खरं आहे, मास्तर. पोरं शिकली."