डाव्या डोळ्याचं काय

—छे, छे, डोळ्यात सळई खुपसतात हे तुम्हाला सांगितलं कुणी? मेव्हण्याने? मेव्हण्याचं ऐकून आजवर कुणाचं भलं झालंय, दादा? बसा इकडे. नाही, या बाजूला, उजव्या – ही माझी नवी बाजू. तर आधी थेंब टाकतात, डोळा बधिर होतो, मग वर एक दिवा दिसतो, नुसता झगमगाट, आणि आपण मनात म्हणतोय की आता सुरू करतील, आता करतील – तोवर बाई सांगतात, उठा आजोबा, झालं. आजोबा म्हणाल्या त्याचाच काय तो त्रास. मला तर उठवत नव्हतं. म्हटलं, इतक्यात काय, दाखवा ना अजून थोडं.

माझं रंगाचं दुकान. भिंतींचे, दारांचे, खिडक्यांचे रंग. शिक्षण बेताचं, पण डॉक्टरीणबाईंनी पुस्तकातलं सांगितलं की मी ते धंद्याच्या भाषेत करून घेतो. दाराला व्हार्निश मारलं की पहिल्या वर्षी कसं, काचेसारखं. मग पिवळं पडतं, मग तपकिरी – दार तेच, पण खालचं लाकूड काही दिसत नाही. डोळ्यात एक भिंग असतं, ते असंच जुनं होतं. हाच मोतीबिंदू. घासून निघत नाही. जुनं काढायचं, नवं बसवायचं, विषय संपला. काचबिंदूची मात्र चेष्टा नाही हां. तिथे डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस वाळत जाते, आणि दुखत नाही की खुपत नाही – कडेकडेने नजर चोरीला जाते, आणि घर धुऊन नेल्यावर मालक जागा होतो. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब टाकून राखायचं. तुमचा मोतीबिंदूच ना? विचारून घेतलंत? मग हसा की जरा.

पट्टी काढली त्या दिवशीचं सांगतो. निळा! अहो, मी जन्मभर निळा विकला आणि निळा काय असतो ते मला त्या दिवशी कळलं. रस्त्यात उभा राहून एका बाईच्या बादलीकडे बघत होतो, ती बादली उचलून आत गेली. घरी आलो तर माझा काळा कोट काळा नव्हताच, गडद निळा निघाला. काळी विजार घालून मी तो लग्नाकार्यांत मिरवलाय आणि एकाही व्याह्याने ब्र काढला नाही. अजूनही खेळतो मी – डावा मिटला की भिंत दुधासारखी, उजवा मिटला की चहा सांडल्यासारखी. करमणूक आहे नुसती. तुम्ही कराच दादा, डोळे झाकून करा – म्हणजे तसं नव्हे.

काय म्हणालात? डाव्याचं काय?

डाव्याचं... तेही आहेच करायचं. आजच आहे. साखर आडवी येते हो. दोनदा इथवर आलो, बोटाला टोचलं, साखर वाढलेली, परत घरी. आजही टोचलंय, पोर खिडकीशी विचारायला गेलीय – ती, रांगेत शेवटची, वेणीला हात लावतेय ती. माझी धाकटी. दुकानात माझ्या हाताखाली असते. म्हणजे मला वाटायचं, हाताखाली.

आता निघालाच विषय तर ऐका. आमच्या दुकानात रंग कालवला की शेवटचा शब्द मालकाच्या डोळ्याचा; मी 'पांढरा' म्हटलं की तो पांढरा, मग डब्याला झाकण. नवा डोळा घेऊन दुकानात गेलो तर मागची भिंत लोण्यासारखी पिवळी. ती मीच रंगवलेली, पोर तापाने घरी होती तेव्हा. म्हटलं, मग गावभर मी काय विकलं? कोपऱ्यावरचा दवाखाना, दोन शाळा, न्हाव्याचं दुकान, सगळीकडे जाऊन आलो, एक डोळा मिटून भिंतींशी नाक लावून. न्हाव्याला वाटलं, मालकांचं गेलं डोकं. सगळं पांढरंशुभ्र, दादा. म्हणजे मी पाठ वळवली की ही झाकण उघडून रंग पुन्हा कालवत होती. वर्षानुवर्षं. आणि तोंडाने काय, तर "बाबा, तुमचा डोळा म्हणजे डोळा."

तिला बोललो नाही मी. कसं बोलणार? परगावच्या रंगाच्या कारखान्याने बोलावलंय तिला, छटा ठरवायच्या कामावर. ती मावशीला म्हणाली – मी दाराआड होतो – म्हणाली, बाबांचे दोन्ही डोळे झाले की जाईन, तोवर कशी सोडू दुकान? म्हणून मग... माझी साखर वाढते. आपोआप कशाला वाढेल? खिशात डबी असते, लिमलेटच्या गोळ्यांची. निघायच्या आधी मूठभर. आजही. हो, ठाऊक आहे – डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की साखर अशीच राहिली तर मागचा पडदा सुजेल, मग पुढे कितीही नवं भिंग बसवा, अंधारच. सगळं समजतं हो मला. समजतं म्हणूनच तर तुम्हाला इतकं छान समजावलं.

गप्प, आली ती.

काय गं, वाढलीय ना? चल मग घरी, दुकान उघडायचं – बरोबर आलीय? बरोबर कशी येईल, मी तर... काय बदललंस? डबीतल्या? बिनसाखरेच्या? तरीच मेल्या जिभेला गारगार लागत होत्या.

म्हणजे तुला हेही ठाऊक.

नाही, रडत नाहीये, थेंब टाकलेत मघाशी. बस इथे. कारखान्याला काय कळवलंस? काहीच नाही? मग काढ फोन. आत्ता. मी आत गेल्यावर नव्हे, माझ्यादेखत – या बाजूला ये, उजव्या – आणि सांग, येते म्हणून. सांग म्हणतो ना.

आलो, बाई, आलो, आजोबाच आलेत. तुम्ही काय बघत बसलात, दादा? तोंड फिरवा तिकडे. पोर फोनवर बोलतेय.