हिरवा विंचू

दवाखान्यात शेजारच्या बाकावर मांजरी गावच्या मथुराबाई दंडापर्यंत बाही सारून बसल्या होत्या आणि सून शेफाली मांडीवरच्या टॅबशी झगडत होती.

“टॅबच्या ब्लूटूथमधून पेन काढलं, पुन्हा जोडलं, तरी चालत नाही. घरी चाललं होतं हो, आई.”

“टोक ढिलं आसंल, फिरवून बघ.”

“फिरवलं. चार्जिंगही आहे.”

“बघ बाई लवकर. आत्ता आत बोलावत्याल. गाठीसंगं कातडी बी जाणार, गोंदलेला विंचू ऱ्हाणार न्हाय.”

“फोटोत तर नुसता हिरवा डाग येतो.”

“पन्नास वर्सं झाली त्याला. कुठली रेघ कुठं वळती, ते मलाच ठावं.”

“म्हणून तर आत्ता टॅबवर उतरवून घ्यायचाय! आणि हे मेलं पेन...”

“ठेव ते पेन. बोटानं उमटतं का?”

“उमटतं, पण रेघ जाड येते.”

“माझ्या आयच्या हातावर बी जाडच हुती. बोट दे हिकडं, मी फिरवते. हां, हितनं वळ. सावकाश.”

“मथुराबाई कोण? चला आत.”

“दमा जरा, सिस्टरबाई.”

“डॉक्टर थांबलेत, आजी.”

“थांबू द्या की. नांगी ऱ्हायलीय.”