गळ्यावरची वळी आणि बाजाराची राणी

…आणि वर मलाच विचारतात, "बिरागो, बरं नाही का गं तुला?" आता? आत्ता विचारताय? अहो, मी खरोखर आजारी होते तेव्हा ह्याच बायका माझ्या गळ्याला हात लावून म्हणत होत्या, काय गं बाई तुझं रूप, नवरा चांगलं खाऊपिऊ घालतो वाटतं! आणि आता बरी झाले, तर घरी रस्सा पाठवतात. पामफळाचा, वाफाळता, खेकडे घातलेला. तो मी खाते, ते वेगळं. पण तुम्हाला सांगते, माझं डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. एवढं मोठं दुखणं घानातल्या ह्या कुमासी शहराच्या अख्ख्या कापडबाजारानं डोळ्यांनी पाहिलं, आणि अख्ख्या बाजारानं त्याचं कौतुक केलं.

थांबा, मुळापासून सांगते. मी कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. कापडाच्या गल्लीत शिरलं की आधी माझा आवाज यायचा, मग मी दिसायचे. दुकान केवढं, तर दोन्ही हात पसरले की भिंतींना लागतील एवढं. पण गिऱ्हाईक पुढे जाईल? काय बिशाद होती! आणि आमच्याकडे कापडाला नुसता रंग नसतो, नाव असतं. एक एक म्हणच असते म्हणा ना. गिऱ्हाईक आली की मी आधी विचारायची, भांडण कुणाशी झालंय? नणंदेशी? मग हे घे, ह्याचं नाव 'पाठीमागं बोललीस, पाठीला ऐकू गेलं'. हे नेसून तिच्या दारावरून नुसती एक चक्कर मार, तोंड उघडायची गरज नाही. असा माझा धंदा. कापड कुणीही विकेल हो, नावं मी विकायची.

तर पन्नाशी जवळ आली नि अंगानं गडबड सुरू केली. पाळी कधी दोन महिने तोंड दाखवायची नाही, कधी आली की जायचं नाव घ्यायची नाही. मधूनच पोटातून अशी एक गरम लाट उठायची की वाटायचं, मी नाही, चुलीवरचं पातेलं आहे. समोरच्या दुकानात ताच्यिवा. माझी मैत्रीण, एकाच वर्षी जन्मलेल्या आम्ही, एकत्र वाढलो. तिला सांगितलं. ती म्हणाली, "वय झालं गं. चालायचंच. मला नाही होत?"

बरं. वय तर वय. पण पुढं मला थंडी वाजायला लागली. मार्च महिन्यात! रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय आणि मी नवऱ्याचा स्वेटर घालून गल्ल्यावर बसलेय. ताच्यिवा म्हणाली, "वय झालं, चालायचंच." अगं, पण गरम होतं तेही वय आणि थंडी वाजते तेही वय? कंगव्यात मूठमूठ केस आले, वय. भुवईची टोकं गळून पडली, अर्ध्या भुवया राहिल्या, वय. पोट चार चार दिवस साफ नाही, वय. दुपारी गिऱ्हाइकाच्या तोंडावर झोप लागायला लागली, वय. हे वय म्हणजे काय सरकारी गोदाम आहे का, दिसेल ते आणून आत टाका?

आणि मग एक दिवस… हे सांगताना अजून अंगावर काटा येतो. एक पोरगी आली, कडेवर बाळ. निळ्या-पिवळ्या कापडावर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, ह्याचं नाव काय?" मी तोंड उघडलं. आणि नाव नाही. अहो, ह्याच कापडात आईनं मला पाठीला बांधून ह्याच गल्लीत धंदा केला होता. ते नाव मला नाही आठवलं. मी नुसती बघत राहिले. त्या पोरीला वाटलं, मावशी भावावर अडून बसली. तिनं आपणहून भाव वाढवला, कापड घेतलं, गेली. मी मात्र भ्याले. खरं सांगते, आयुष्यात तशी कधी भ्याले नव्हते. म्हटलं, बिरागो, तुझी नावं गेली की तुझ्याकडे उरलं काय?

घरी नवऱ्याला सांगितलं. बोआदी गाडी चालवतो, दिवसभर लोकांवर ओरडून घरी येतो, त्याला शांतता हवी असते. तो म्हणाला, "मला तर बरीच सुधारणा वाटते." मी म्हटलं, "कसली सुधारणा?" तर म्हणतो, "हेच की… तू हल्ली मला वाक्य पुरं करू देतेस." बघा. मी मरायला टेकले होते, आणि ह्याला वाटत होतं, देवानं त्याचं ऐकलं.

आता खरी मजा ऐका. बाजाराची जुनी राणी आदल्या वर्षी गेली होती, त्याच सुमारास तिचं वर्षभराचं सुतक पाळून झालं. कापडाच्या गल्लीला राणी लागते. म्हणजे भांडणं तोडायला, भाव ठरवायला, सरकारी माणूस आला तर त्याच्यासमोर बसायला. मला ते आसन हवं होतं. खोटं कशाला बोलू? आईला हवं होतं, तिला मिळालं नाही, म्हणून मला तर फारच हवं होतं. पण माझं तोंड असं! म्हाताऱ्या बायका नेहमी म्हणायच्या, "बिरागो? ती पत्र्याच्या डब्यातले खडे आहे." आमच्याकडे म्हणतात ना, चांगले मणी वाजत नाहीत. मी तर जन्मापासून वाजणारी.

आणि आता वाजणं बंद! पाय सुजलेले म्हणून चालणं सावकाश. म्हाताऱ्या म्हणाल्या, काय रुबाबदार चाल. आवाज घोगरा झाला, खोल विहिरीतून आल्यासारखा. म्हणाल्या, काय वजनदार आवाज. आणि गळा… अहो, आमच्याकडे आजी नातीला आंघोळ घालते ना, तेव्हा तेल लावून गळा चोळते, सुबक वळ्या पडाव्यात म्हणून. गळ्याला वळ्या तर बाई देखणी. माझ्या आजीनं चोळून चोळून हात दुखवून घेतले, माझा गळा बगळ्याचा तो बगळ्याचाच राहिला. आणि आता, पन्नाशीला, न चोळता, न तेल लावता, माझ्या गळ्याला वळी आली. भरघोस! एनो पोकुआ, सगळ्यांत म्हातारी, तोंडात दोन दात, डोळ्याला कमी दिसतं, पण ती वळी तिला दिसली. म्हणाली, "ही बाई पिकली. ह्याला म्हणतात राणीचा गळा."

तरी परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी एक भांडण माझ्यापुढं आणून ठेवलं. दोघी दुकानदारणी, एकीनं दुसरीचं गिऱ्हाईक पळवलं म्हणे. एक रडते, एक हातवारे करते, बाजार भोवती जमलेला. आणि मला लागली झोप. बसल्या बसल्या, डोळे अर्धे उघडे. किती वेळ गेला देव जाणे. सगळीकडे चिडीचूप. दचकून जागी झाले, काय चाललंय ते आठवेना, म्हणून जिच्यावर नजर पडली तिलाच म्हटलं, "हं… काय म्हणालीस तू?" तिनं हात जोडले. म्हणाली, "नका अशा बघू, मीच पळवलं, मीच!" आणि पायाशी बसली. एनो पोकुआ डोळे पुसत म्हणाली, "शंभर शब्द खर्च न करता न्याय." अहो, मी घोरायचीच बाकी होते!

झालं. आसन माझं ठरलं, दिवस ठरला. आणि तेवढ्यात ती डॉक्टरीणबाई आली. डॉक्टर सेनाम. तिच्या आईच्या अंत्यविधीला घरच्या सगळ्यांसाठी एकसारखं काळं-लाल कापड हवं होतं. भाव करायला बसली, आणि भाव करायचं सोडून माझ्या गळ्याकडे बघत बसली. मी म्हटलं, चला, हिलाही आवडला. तर ती म्हणाली, "मावशी, जरा पाणी प्या बरं." मला वाटलं, काय मायाळू पोरगी. मी पाण्याची पिशवी दातानं फोडली, घोट घेतला. ती म्हणाली, "आता आरशात बघत घ्या." गिऱ्हाइकांसाठी आरसा टांगलेला असतो माझ्याकडे. मी त्यात बघितलं, घोट गिळला.

आणि ती वळी उठली. तुम्हाला सांगते, माझं अख्खं सौंदर्य उठून उभं राहिलं आणि परत खाली बसलं! मी परत गिळलं. परत उठलं, परत बसलं. ताच्यिवा धावत आली, शेजारणी आल्या. "परत कर, बिरागो, परत कर." पिशवीभर पाणी संपवलं मी त्या बायांना दाखवता दाखवता. डॉक्टरीणबाई म्हणाली, "वळी असती तर जागची हलली नसती. ही गाठ आहे. आतली थायरॉइडची ग्रंथी सुजलीय."

मी म्हटलं, "बाई, वय आहे ते." ती म्हणाली, "काही आहे, काही नाही. रक्त तपासल्याशिवाय मीसुद्धा नुसतं बघून सांगणार नाही." तपासलं. मग तिनं मला शेजारी बसवून सांगितलं, "गरम लाटा येतात, घाम फुटतो, ते वय. थंडी, घोगरा आवाज, भुवया, गळा, पायांची सूज, ते थायरॉइड. झोप, विसराळूपणा, पाळीचा गोंधळ दोन्हींत होतो, म्हणून तर गफलत होते. मावशी, दोन पाहुण्या एकाच दिवशी घरी आल्या, आणि एकीनं दुसरीच्या नावावर जेवून घेतलं." आणि म्हणाली, "हे असंच सोडलं तर हृदय मंदावत जाईल. एक दिवस अशाच रुबाबात बसाल आणि उठणारच नाही." उपाय काय, तर एवढीशी गोळी. रोज सकाळी, उपाशीपोटी.

ती गोळी हातात घेऊन मी रडले. का माहीत आहे? माझा रुबाब, माझी चाल, माझा न्याय… सगळा त्या गाठीचा होता हो! गोळी घेतली तर राणीपद जाणार. ताच्यिवा म्हणाली, "आसनावर बस, मग घे गोळी. एवढी काय घाई? वय झालं की असं होतंच, मला बघ, मलाही वळी आलीय, मी रडते का?" तिनं शाल घट्ट ओढून घेतली. माझं लक्ष नव्हतं. माझं तेव्हा माझ्यातच लक्ष होतं.

ते निळं-पिवळं कापड मांडीवर घेऊन बसले. आईचं कापड, आणि नाव नाही. म्हटलं, राणी होऊन करू काय, आईच्या कापडाचं नावसुद्धा विसरेपर्यंत गप्प बसू? घेतली गोळी.

आणि काही आठवड्यांनी, सकाळी, बोआदी पेज पीत बसलेला, मी केस विंचरत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "लेकरू काय खाईल ते आईलाच ठाऊक!" नाव! त्या कापडाचं नाव! मी इतक्या जोरात ओरडले की पेज त्याच्या मांडीवर. तो बिचारा वाटी उचलून हळूच म्हणाला, "आलीस का परत?" आणि हसला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. पेज गरम होती, तेही असेल.

मग काय, मी सुटलेच. आवाज मोकळा, सूज उतरली, गळा बगळ्याचा. आणि बाजार हादरला. माझ्या भावांनी येऊन बोआदीला विचारलं, आमच्या बहिणीला उपाशी ठेवतोस का? म्हाताऱ्यांनी परत एक भांडण आणलं, तर पहिली बोलायची थांबायच्या आत मी निकाल दिला, दोघींच्या सासूचाही उद्धार केला, वर तिसरीला कापड विकलं. एनो पोकुआ कपाळाला हात लावून म्हणाली, "पोरीला काहीतरी झालंय. आधी बरी होऊ दे. आसन दुसऱ्या कुणाला देऊ."

दिलं. कुणाला? ताच्यिवाला.

काल झाला सोहळा. रुसले नाही, पुढच्या रांगेत बसले होते. छत्री धरली, पूर्वजांच्या नावानं दारू जमिनीवर ओतली, राणीच्या खांद्यावर, गळ्यावर मानाची पांढरी पावडर टाकली. ताच्यिवा अशी सावकाश चालत आली, अंगभर शाल, उन्हात! अर्ध्या भुवया. उरलेली दारू घोटभर तिला दिली. तिनं ती गिळली.

आणि पांढऱ्या पावडरमध्ये तिची वळी उठली, आणि बसली.

मागून बायका उसासल्या, "काय गळा आहे!" अहो, ही माझ्यासमोर बसून वर्षभर सांगत होती, मलाही होतं, मलाही होतं! मी रांग मोडून पुढं गेले, तिच्या कानाशी म्हटलं, "ताच्यिवा, डॉक्टरीणबाईंकडे चल." तिनं माझ्याकडे बघितलं, जराशी हसली, आणि त्या खोल विहिरीतल्या आवाजात म्हणाली, "वय… झालं… बिरागो. चालायचंच."

लोक म्हणाले, आवाज तरी कसा राणीसारखा.

सोमवारी नेतेय तिला, उचलून न्यावं लागलं तरी. म्हणजे काय, वर्षाच्या आत बाजाराला परत नवी राणी शोधावी लागणार. थांबा हं, तो पंखा द्या इकडं… आली लाट. नाही नाही, घाबरू नका, रक्त तपासून झालंय. हे मात्र वयच.