कोमलच्या पहिल्या केसचं गाऱ्हाणं

...नाही, मला एवढंच सांगा, देवाला काय अर्धवट सांगायचं? डॉक्टरकडे जाऊन 'दुखतं' म्हणायचं आणि कुठे ते सांगायचं नाही, असं कोण करतं? मग हा तर देव! तरी घरात सगळ्यांची तोंडं अशी, जशी मी कोणाची म्हैस सोडून आणली! बसा हो, उठू नका, पहिल्यापासून सांगते.

माझी कोमल वकील झाली. पाच वर्षं पेडण्याहून पणजीला बसने उभ्याने जाऊन शिकली, मग सनद आली, मग तो काळा कोट. आपल्या मे महिन्यात काळा कोट! उन्हात आंब्याचं साठ वाळतं तशी वाळली पोर. मला वाटलं, कोट आला, आता केस येणार. कसली केस! दोन वर्षं सीनियरच्या मागून फायली घेऊन हिंडली, आणि कोर्टात तोंड उघडून बोलायची काय, तर "सर, पुढची तारीख मिळावी." बस! एवढ्यासाठी पाच वर्षं? तारीख तर मीही मागितली असती, चौथी शिकलेली!

आणि सकाळी पोदेराकडे पाव घेताना बायका... "काय गे, तुझें चेडूं वकील मगो? मागीर केस खंय?" मी म्हणायची, येतेय गे पोरीची केस, पाव घे नि चल!

आणि आली! इब्रामपूरचे निवृत्तीबाब, म्हातारे, यांची काजीच्या बागेत जायची वाट शेजारच्या दीपकने दगडी गडगा घालून बंद केली. वर कोर्टात सांगतो, इथे वाट कधी नव्हतीच. सीनियर म्हणाले, "कोमल, दीपकची उलटतपासणी तू घे. नीट झाली, तर पुढची नवी केस सगळी तुझी." रडली हो पोर घरी येऊन. मीही रडले, पण मी चुलीकडे जाऊन.

तिने एक प्रश्न शोधून काढला होता. काय प्रश्न! दीपकचं स्वतःचं वऱ्हाड त्याच वाटेने आलं होतं, निवृत्तीबाब पुढे गॅसबत्ती घेऊन चालले होते. तर ही लाडीगोडीने विचारणार, लग्न कसं झालं, वाजंत्री होती का, वऱ्हाड कुठून आलं... आणि तो फुशारकीत सांगून बसणार! घरी मला स्टुलावर बसवून दीपक केलं. मी दीपक! म्हटलं, "होय तर, ढोल वाजवत आलं वऱ्हाड, त्याच वाटेन!" पोरीने टाळी वाजवली. "आई, असाच अडकणार तो! पण हे कोणाला बोलू नको हां." मी म्हटलं, मी कोणाला बोलणार?

कोणाला म्हणजे माणसाला ना? देव काय माणूस आहे?

सोमवारी नारळ घेऊन देवळात गेले. देवळाचे मानकरी गावकर गाऱ्हाणं घालायला उभे राहिले, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या चेडवाची केस आसा, तिका यश दी रे म्हाराजा!" मागचे सगळे, "व्हय म्हाराजा!" मला वाटलं, हे फारच मोघम झालं. गावात किती केसी, देवाला कुठली कळणार? मी गावकरांच्या कानात सांगितलं... म्हणजे मला वाटलं कानात, पण माझा आवाज तुम्ही ऐकताच आहात. आणि गावकर तर मोठ्यानेच घालणार! "बा देवा म्हाराजा, इब्रामपूरचो दीपक, तेका चेडू लग्नाचा इचारतला, वराड खंयसून इला म्हणान इचारतला, तेच्या तोंडातसून खरा भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज खांबाकडून आला. वळून बघते तर स्वाती! दीपकची सख्खी बहीण, आमच्याच वाड्यावर दिलेली. तिथल्या तिथे कोमलला फोन करायला हवा होता, नाही केला. म्हटलं, ती आपल्याच कसल्यातरी काळजीत असेल, तिने ऐकलं नसेल. अहो, ऐकल्याशिवाय माणूस व्हय म्हणतं का!

कोर्टात मी मागच्या बाकावर. कोमलने इतकं गोड विचारलं, "दीपकबाब, तुमच्या लग्नाचं वऱ्हाड कुठल्या वाटेनं आलं?" त्याने आधी वळून माझ्याकडे बघितलं. हसला. "वऱ्हाड? नाही बा. रजिस्टर लग्न आमचं. सही मारली, लिंबूसोडा प्यालो, घरी आलो." अरे भामट्या, रजिस्टर सह्या गोव्यात सगळेच करतात, मग पुढे मांडव घालतात तो काय गुरांसाठी? पण हे मी ओरडू कशी? आणि पोरीने पुढचा प्रश्न बांधलाच नव्हता. जज्जसाहेब म्हणाले, "अजून काही?" "नाही, सर."

बाहेर निवृत्तीबाब तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "बाय, जीव जाळू नको. मी डोंगराक वळसो घालून जातंय." त्या म्हाताऱ्याचे गुडघे बघितलेत तुम्ही? मी बघितले. जमीन का दुभंगत नाही अशा वेळी?

वर पोर घरी येऊन म्हणते, "आई, मला जमणार नाही वकिली. माझ्या तोंडावरच प्रश्न दिसत असणार." जेवली नाही. मग माझ्याने राहवेना, सगळं ओकले. वाटलं, ओरडेल, ताट फेकेल. नाही! वकिलासारखी विचारते, "देवळात किती जणं होती? स्वाती आली कळल्यावर तू काय केलंस?" काही नाही, म्हटलं. "बरं," म्हणाली. ते "बरं" अजून पाठीत रुतलंय. मग स्वतः निवृत्तीबाबना सांगितलं, सीनियरना सांगितलं. सीनियर म्हणाले, उलटतपासणी पुन्हा घ्यायला अर्ज करू, मिळेल, न मिळेल. आणि पुढची केस दुसऱ्या ज्युनियरला.

मी गेले की तरातरा सीनियरच्या ऑफिसात! म्हटलं, चूक माझी, काय शिक्षा ती मला करा, पण पोरीची केस द्या. ते चहा मागवतात माझ्यासाठी! "बाई, पक्षकाराची गोष्ट घरी बोलायची नाही, हे वकिलाला बंधन. चूक कोमलची. तुम्हाला कायद्याने काही बंधनच नाही."

ऐका! तोंड माझं, गाऱ्हाणं माझं, आणि गुन्हा पोरीचा! मी म्हटलं, अहो, मी कबूल करतेय! म्हणाले, "तुमच्या कबुलीचा उपयोग नाही." आता रोज सकाळी ती माझ्या हातचा डबा घेते, "येते गे आई" म्हणते, आणि जाते तारखा मागायला. आणि मी? माझ्यावर साधा आरोपसुद्धा ठेवायला कोणी तयार नाही हो... चहा तेवढा पाजला, तोही गोड.